सातव्या किलोमीटरवरचा ठिय्या

पदक आदल्या दिवशीच मिळायचं.

शनिवारी दुपारी जाऊन आपला नंबर आणायचा. तो एका कापडी पिशवीत असायचा. त्याच पिशवीत टी-शर्ट, चार सेफ्टी पिना, बिस्किटांचा पुडा, कुठल्यातरी नव्या टॉवरचं रंगीत पत्रक आणि प्लास्टिकच्या पाकिटात पदक. शर्यत रविवारी सकाळी. म्हणजे पाऊल टाकायच्या आधीच तुम्ही ती पूर्ण केलेली असायची.

पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी टेबलामागच्या बाईंना विचारलं, "पदक आत्ताच का देताय?"

"मग काय मॅडम, शेवटच्या माणसासाठी दुपारपर्यंत बसायचं का आम्ही?"

तो शेवटचा माणूस म्हणजे आम्ही दोघी. मी आणि माझी आई. आम्ही धावणाऱ्या नव्हतो, चालणाऱ्या होतो. डॉक्टरांनी आईची साखर बघून रोज तासभर चालायला सांगितलं होतं, आणि माझ्याकडे बघून, न विचारता, "हिलाही न्या" म्हणाले होते. त्यातून आम्ही सुरुवात केली. अंबरनाथ पश्चिमेला आमच्या गल्लीतून निघायचं, उल्हासनगरच्या हद्दीपर्यंत जायचं आणि परत. वालधुनी नदीच्या पुलावर, वास नको म्हणून, श्वास धरायचा हा आमचा नियम. पूल संपला की आई एकदम सोडायची आणि म्हणायची, "आज निळं होतं पाणी." कधी लाल असायचं. तिला रंग बघायची सवय होती. उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात तिने एकोणीस वर्षं धागा कापायचं काम केलं. शिवून आलेल्या पँटचे सुटे दोरे कात्रीने कापायचे, पँट उलटी करायची, पुन्हा कापायचे. डझनावर काम. ती अजूनही डझनात मोजते. चालताना पावलंसुद्धा.

थंडी पडली की आमच्याकडे शर्यतींचा मोसम सुरू होतो. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, तिन्ही गावांत. ज्याला पुढेमागे निवडणूक लढवायची आहे तो आधी एक शर्यत भरवतो. रस्त्यावर खड्डे ज्याच्या काळात पडले तोच त्या खड्ड्यांवरून लोकांना पळवतो आणि वर त्याला आरोग्य म्हणतो. टी-शर्टच्या पाठीवर त्याचं तोंड छापलेलं असतं. मी माझा टी-शर्ट उलटा घालायचे, शिवण बाहेर. आई सरळ घालायची.

"पाठीवर त्याचं थोबाड घेऊन फिरतेस," मी म्हणायचे.

"मला कुठे दिसतंय," ती म्हणायची. "मागच्याला दिसेल. आणि आपल्या मागे कोण असतं?"

आमच्या मागे टेम्पो असायचा. ही गोष्ट पळणाऱ्यांना माहीत नसते, कारण त्यांनी ती कधी पाहिलेली नसते. शर्यतीच्या शेवटच्या माणसामागून एक टेम्पो चालतो आणि त्यातली माणसं रस्ता गुंडाळत येतात. किलोमीटरचे पत्र्याचे फलक, प्लास्टिकचे शंकू, पाण्याची टेबलं, सगळं उचलून आत टाकतात. तीन किलोमीटरचा फलक आपण ओलांडला की मिनिटभरात तो टेम्पोत पडल्याचा आवाज येतो. ढण्ण. पुढे पाण्याचं टेबल येतं तर तिथे नुसते चेंगरलेले कागदी पेले, आणि कुणीतरी टेबलाचे पाय दुमडत असतं. कडेला उभे असलेले लोक पहिल्या धावणाऱ्यांना टाळ्या वाजवून घरी गेलेले असतात. जे उरतात ते बोलण्यासाठीच उरतात.

"ओ आंटी, मॅरेथॉन कल था."

"मावशी, रिक्षा थांबवू का?"

आई त्यांना उत्तर द्यायची नाही. मी द्यायचे, चालता चालता, आणि माझा श्वास तुटायचा.

पदकाबद्दल आईचा एक नियम होता. शर्यतीच्या आधी मैदानात सगळे पदकं गळ्यात घालून फोटो काढायचे. ढोल वाजत असायचा, मंचावरून कुणीतरी बाई झुंबा शिकवत असायची, आणि न धावलेले लोक पदक दाताखाली धरून हसायचे. आई घालायची नाही. शनिवारीच ते मिठाईच्या जुन्या डब्यात ठेवून द्यायची. रविवारी चालून घरी आलो, आंघोळ झाली, की डबा उघडून पदक काढायची, एकदा गळ्यात घालायची, आरशात बघायची आणि खिळ्याला लावायची. खिळ्यावर तीन पदकं झाली. तिन्ही पाच किलोमीटरची.

पाच किलोमीटरला वेळ मोजत नाहीत. त्या गटाचं नावच 'फन रन', गंमतीचं पळणं. दहा किलोमीटरवाल्यांच्या नंबरच्या मागे एक पातळ पट्टी चिकटवलेली असते, तिला चिप म्हणतात. शेवटच्या कमानीखाली रबराची चटई असते. चिपवाला माणूस त्या चटईवर आला की मशीन वाजतं आणि त्याची वेळ लागते. उल्हासनगरच्या शर्यतीनंतर आई ती चटई बघत किती वेळ उभी राहिली. तिच्याच वयाची, सलवार-कुर्त्यातली एक बाई चटईवरून गेली, मशीन वाजलं, आणि थोड्या वेळाने ती बाई मोबाईलकडे बघून हसली. आई सरळ तिच्याकडे गेली. परत आली तेव्हा तिला काहीतरी कळलेलं होतं.

"तिच्या नावाचा मेसेज येतो," ती म्हणाली. "आधी नाव. मग अंतर. मग वेळ."

"मग?"

"मग काही नाही. चल."

त्या संध्याकाळी तिने तिचा मोबाईल माझ्यासमोर ठेवला आणि मेसेज दाखवायला लागली. गॅसचा मेसेज बाबांच्या नावाने. विजेच्या बिलाचा आजोबांच्या नावाने; त्यांना जाऊन कित्येक वर्षं झाली. बँकेचा 'प्रिय ग्राहक' म्हणून. तिच्या नावाने एकही नव्हता. कारखान्यात तिला चार नंबर म्हणायचे, चौथं टेबल म्हणून. सेठ चांगला माणूस होता, दिवाळीला मिठाई द्यायचा, पण एकोणीस वर्षांत "चार नंबर, माल दे" याच्यापलीकडे त्याने तिला हाक मारली नाही. नदीत रंग सोडतात म्हणून पाणी तोडलं, कारखाने उठून गेले, तेव्हा चार नंबरही संपला.

"मला दहाचं जमेल का?" तिने विचारलं.

दहा किलोमीटर, दोन तासांत. तेवढीच मुदत असते. म्हणजे किलोमीटरला बारा मिनिटं, कुठेही न थांबता. आम्हाला तेव्हा चौदा लागायची. पुढचे आठ-नऊ महिने आम्ही त्या दोन मिनिटांच्या मागे चाललो. उन्हाळ्यात पहाटे, पावसात छत्र्या मिटून. ऑक्टोबरात पहिल्यांदा आईने बाराच्या आत किलोमीटर काढला आणि पुलावर श्वास धरायचं विसरली.

मला इथे आमच्या घराबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढे जे झालं ते निव्वळ मूर्खपणाचं वाटेल. ते मूर्खपणाचं होतंच, पण त्याला वळण होतं.

बाबा अंबरनाथच्या एका कारखान्यात लेथवर होते आणि युनियनचे कागद लिहायचे. आमच्या घरात पुस्तकं थोडी आणि पत्रकं फार. पलंगावर पत्रकं, पलंगाखाली पत्रकं, दुधाच्या भांड्यावर झाकण म्हणून पत्रक. बाराखडी मी शाळेत शिकले, पण वाचायला लागले ते 'आमच्या मागण्या खालीलप्रमाणे' या ओळीपासून. मला बराच काळ वाटायचं की कुठल्याही कागदावर शेवटी मागण्या असतातच. तिसरीत निबंधाखाली मी तीन मागण्या लिहिल्या होत्या. बाबांनी तो निबंध जपून ठेवला. त्यांच्याकडून मी जे शिकले त्यात पहिली गोष्ट ही की कागद जवळ ठेवायचा, आणि दुसरी ही की जागा सोडायची नाही. जो उठला तो हरला. कारखाना बंद झाला तेव्हा बाबा गेटवर अडीच महिने बसले होते. मी शाळेतून थेट तिथे जायचे आणि सतरंजीवर गृहपाठ करायचे.

आई तिथे कधी बसली नाही. ती सकाळी डबा घेऊन यायची, उभ्यानेच द्यायची, आणि उल्हासनगरला टेबलावर जायची. अडीच महिने घर त्या टेबलावर चाललं. ठिय्या द्यायला वेळ लागतो. तो तिच्याकडे नव्हता. हे मला आज दिसतं. तेव्हा मला वाटायचं, आईला लढ्यातलं फार कळत नाही.

बदलापूरच्या त्या शर्यतीचा मार्ग पूर्वेच्या मैदानातून निघून चामटोलीच्या बाजूला जायचा आणि वळसा घालून त्याच रस्त्याने परत. साडेसहाला सुरुवात. पिशवीत नियमांचा कागद होता, दोन्ही बाजूंनी छापलेला. मी तो घरी दोनदा वाचला, चौघडी घालून खिशात ठेवला. सहावा नियम होता: दहा किलोमीटर गटासाठी दोन तासांची मुदत राहील. आईने आपला नंबर छातीवर लावताना मागची चिप अंगठ्याने दाबून पाहिली. पदक घरी डब्यात होतं.

सुरुवात फार चांगली झाली. धुकं होतं, रस्ता थंड होता. हजारभर लोक धडाधड पुढे निघून गेले आणि मग आमच्या पायांचा आवाज ऐकू यायला लागला. आई हात कोपरात वाकवून, मान खाली घालून चालायची, जशी टेबलावर बसायची तशी. बोलायची नाही. वळशापाशी मी घड्याळ पाहिलं तेव्हा आम्ही दोन मिनिटं पुढे होतो. शेताच्या बांधावर एक म्हातारी दातण करत बसली होती. तिने विचारलं, "खय चालल्याव गो?" आई म्हणाली, "परत." म्हातारी हसली. त्या सकाळी आईचं तेवढंच मोकळं बोलणं.

सातव्या किलोमीटरपाशी टेम्पो आमच्या मागून पुढे आला. तसा तो कधी येत नाही. आमच्या पुढे जाऊन थांबला आणि दोन माणसं उतरून सातचा फलक उचलायला लागली. तो फलक आम्ही अजून ओलांडलासुद्धा नव्हता. घड्याळात सात एक्कावन्न झाले होते.

चालक खिडकीतून म्हणाला, "आंटी, बैठ जाओ पीछे. रोड खोलने का ऑर्डर आया है."

मागे फळीवर तीन माणसं आधीच बसली होती, नंबर लावलेली. त्यातले एक काका केळं खात होते. ते आईला म्हणाले, "या वहिनी. मी दरवर्षी बसतो. कमानीच्या थोडं अलीकडे उतरवतात. तिथून चटईवरून चालत जायचं. टाइम लागतो व्यवस्थित."

आईने त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं जशी ती कच्च्या शिवणीकडे बघायची.

"आम्ही पायाने जाऊ," ती म्हणाली, आणि टेम्पोला वळसा घालून पुढे निघाली.

मी तिच्यामागे जायला हवं होतं. बस, एवढंच करायचं होतं. रस्त्याच्या कडेला माती होती, सरळ चालता आलं असतं, तीन किलोमीटरला एकोणचाळीस मिनिटं हातात होती. पण मी खिशात हात घातला आणि कागद काढला.

"ऑर्डर कुणाची?" मी विचारलं. "नियम सहा वाचा. दोन तास. अजून एकोणचाळीस मिनिटं रस्ता आमचा आहे."

"मॅडम, मैं तो टेम्पो चलाता हूँ."

"मग ज्याची ऑर्डर आहे त्याला बोलवा."

"पाहुणे निघालेत," फलक उचलणाऱ्यांपैकी एकजण म्हणाला. "बक्षीस समारंभ लवकर घेतला. साहेबांना दुसरीकडे जायचंय. त्यांची गाडी याच रस्त्याने येणार. उगाच फालतूगिरी नका करू ताई, कडेने चाला नाहीतर बसा."

ते 'साहेबांना' ऐकलं आणि माझं डोकं गेलं. पहाटेपासून हजार लोक ज्याचं तोंड पाठीवर घेऊन पळाले त्याला घरी जायची घाई होती, म्हणून आईचा रस्ता संपत होता. मी टेम्पोसमोर उभी राहिले. आई वीस-पंचवीस पावलं पुढे गेली होती, तिने वळून पाहिलं.

"चल गं," ती म्हणाली. "कडेने जाऊ. अजून वेळ आहे."

"आई, इकडे ये. जागा सोडायची नाही."

"अगं, चालायचंय आपल्याला."

"आपण कडेने गेलो की ते म्हणतील यांनीच रस्ता सोडला. ये इकडे. बस."

मी तिथेच टेम्पोसमोर खाली बसले. आणि ती आली. हेच मला अजून खुपतं. ती का आली ते मला माहीत आहे: मी रस्त्यावर एकटी बसले होते आणि समोर टेम्पो होता. ती परत पंचवीस पावलं चालत आली आणि माझ्याशेजारी डांबरावर मांडी घालून बसली. चालण्याच्या शर्यतीत आम्ही दोघी खाली बसलो.

मग जे व्हायचं ते झालं. एक रिक्षा थांबली, दोन मोटारसायकली थांबल्या. कुणीतरी मोबाईल काढला. "काय झालं, पडल्या का मावशी?" "पडल्या नाहीत, बसल्यात." "का?" "पळायला देत नाहीत म्हणून." "मग पळा की." मी कागद उंच धरून सगळ्यांना नियम सहा वाचून दाखवला. माझा आवाज चांगला लागला होता. खरं सांगायचं तर मला त्या क्षणी बरं वाटत होतं. बाबा गेटवर बोलायचे तसं मी बोलत होते, आणि लोक ऐकत होते.

आई घड्याळ बघत होती. मध्ये एकदा तिने माझा टी-शर्ट ओढला. "आठ वाजले." मी म्हटलं, "चालकाने संयोजकाला फोन केलाय, येतोय तो." ती गुडघा चोळत राहिली. सात किलोमीटर चालून एकदम बसलं की पाय धरतात. हे तिला माहीत होतं, मलाही माहीत होतं.

आठ वाजून सात मिनिटांनी संयोजक स्कूटरवरून आला. ट्रॅकसूट, गळ्यात ओळखपत्र, घामाघूम. भांडायच्या तयारीने आला होता, पण लोकांचे मोबाईल चालू बघून नरमला.

"काय ताई, एवढं काय. काय पाहिजे तुम्हाला?"

"नियमात आहे ते पाहिजे. दोन तास. कमान, चटई, मशीन, सगळं साडेआठपर्यंत राहिलं पाहिजे. रस्ताही."

"बस, एवढंच? राहील. शब्द देतो. साडेआठच्या आधी एक वस्तू हलणार नाही. उठा आता."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. चालकानेसुद्धा स्टीअरिंगवर दोन थापा मारल्या. मी जिंकले होते. मागणी शंभर टक्के मान्य झाली होती. मी उठले आणि आईला हात दिला, आणि तिला पहिल्या झटक्यात उठता आलं नाही.

तेव्हा मी घड्याळ पाहिलं. बावीस मिनिटं. तीन किलोमीटर.

टेम्पो फळीवरच्या तिघांना घेऊन पुढे निघून गेला. आई निघाली. पहिली शंभरएक पावलं लंगडत, मग सरळ, मग मी तिला कधी पाहिलं नव्हतं तशी. ती पळाली. सत्तावन्न वर्षांची माझी आई, ओढणी कमरेला बांधून, पाच-दहा पावलं पळायची, मग चालायची, मग पुन्हा पळायची. तोंडातून डझन मोजत होती, मला ऐकू येत होतं. नऊच्या फलकापाशी ती पोट धरून थांबली. मी म्हटलं, "आई, राहू दे." ती म्हणाली, "तू बोलू नकोस." आणि पुन्हा निघाली. तिथेच समोरून एक पांढरी मोठी गाडी आली, काचा वर केलेली, आणि आमच्या बाजूने निघून गेली. रस्ता तेव्हा मोकळाच होता.

आम्ही मैदानात शिरलो तेव्हा आठ एकोणचाळीस झाले होते.

हवेची कमान आडवी पडली होती आणि एक माणूस तिच्यावर लोळून उरलेली हवा काढत होता. रबराची चटई अर्धी गुंडाळलेली. मशीनवाला वायरी काढत होता. संयोजक तिथेच होता. पळून गेला नव्हता, तोंड लपवलं नव्हतं. मला बघून शांतपणे म्हणाला, "ताई, साडेआठपर्यंत एक वस्तू हलवली नाही. विचारा कुणालाही."

"आम्ही सतरा मिनिटं तिकडे बसलो होतो, तुमच्यामुळे."

"बसा म्हणून मी सांगितलं नव्हतं. तुम्हीच नियम वाचून दाखवला ना. दोन तास. हा कागद तुमच्याच हातात आहे."

होता. घामाने भिजून त्याच्या घड्या फाटल्या होत्या.

आई मशीनवाल्याकडे गेली. "बंद झालं का?"

"हो मावशी. डेटा पाठवला पण. आता नाही घेत ते."

"बरं," ती म्हणाली.

केळंवाले काका तिथेच बाकावर बसले होते. त्यांच्या मोबाईलवर मेसेज आला होता, त्यांनी तो आईला दाखवला. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, दाखवायला दुसरं कुणी नव्हतं म्हणून दाखवला असावा. आईने चष्मा लावून मेसेज नीट वाचला. नाव. अंतर. वेळ. एक तास अठ्ठेचाळीस मिनिटं.

"छान," ती त्यांना म्हणाली.

परतताना आई रिक्षात कडेला बसली. तिने छातीवरचा नंबर काढला, पिना एकात एक अडकवल्या, आणि चिप आत येईल अशी त्याची घडी घातली. घरी बाबा दारातच होते. तो व्हिडिओ कुणीतरी पाठवला होता, आमच्या आधी घरी पोचला होता.

"शाब्बास," ते म्हणाले. "बसून हटवलंत की त्यांना. मागणी मान्य ना? लेखी?"

"तोंडी," मी म्हटलं. "पाळली त्याने."

मी सगळं सांगितलं. ते ऐकत होते आणि त्यांच्या कपाळावर आठ्या पडत गेल्या. ते जुने आहेत, त्यांना चूक लगेच दिसली.

"बसलेल्या वेळेचं काय ठरलं?"

मी खिशातला फाटका कागद काढून त्यांच्या हातात दिला.

"अगं, संप मागे घेताना पहिला प्रश्न तो असतो. संपाचे दिवस भरून देणार का? ते ठरल्याशिवाय उठायचं नसतं. एवढं कसं सुटलं तुझ्याकडून?" मग त्यांनीच स्वतःला सावरलं. "असो. पत्रक काढू. टेम्पोतले लोक, साहेबांची गाडी, सगळं घालू. कष्टकरी स्त्रीचा रस्ता अडवला. हिच्या नावानिशी."

आई स्वयंपाकघरात भात लावत होती. तिथूनच म्हणाली, "माझं नाव घालायचं नाही."

"अगं, पण अन्याय तुझ्यावर..."

"नाव घालायचं नाही म्हटलं ना."

कुकरचं झाकण बसलं. पत्रक निघालं नाही. डबा उघडला गेला नाही. बदलापूरचं पदक आजही त्याच्या प्लास्टिकच्या पाकिटात, मिठाईच्या डब्यात आहे.

आम्ही चालणं बंद केलं नाही. पण आई माझ्या अर्धं पाऊल पुढे चालायला लागली. मी पुढच्या थंडीची वाट बघत होते. पाय अजून तयार होते, दोन तासांत दहा जमलं असतं. त्या दिवशीही जमलं असतं. मग नव्या शर्यतीचा कागद आला. नियम सहा बदलला होता. दहा किलोमीटर गटात फक्त धावणाऱ्यांनाच प्रवेश. चालणाऱ्यांनी पाच किलोमीटर गटात नाव द्यावे. मी फोन केला. पलीकडचा माणूस म्हणाला, "ताई, मागच्या वर्षी वॉकिंगवाल्यांनी रस्त्यात लफडा केला होता. तेव्हापासून तिन्ही गावांतल्या सगळ्यांनी मिळून ठरवलंय." त्याला माहीत नव्हतं तो कुणाशी बोलतोय.

मी दोन पानी पत्र लिहिलं. खाली मागण्या लिहिल्या, चार. उत्तर आलं नाही. मी चुकले असं मला अजूनही म्हणवत नाही. रस्ता आमचाच होता, कागद खरा होता, साहेबाच्या गाडीसाठी बाईला कडेच्या मातीत ढकलणं हा हलकटपणाच होता. कुणीतरी बसायलाच हवं होतं. फक्त ज्याला बसायचं नव्हतं अशाच माणसाला मी हाक मारून बसवलं, आणि त्या माणसाचं नाव मशीनमध्ये जायचं होतं.

अंबरनाथच्या शर्यतीला आईने पाच किलोमीटरसाठी नाव दिलं. शेजारच्या काकूंबरोबर. मला नंतर कळलं.

"मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"तुला कशाला. तू थांबतेस."

रविवारी मी उठले तेव्हा त्या निघून गेल्या होत्या. चहा ठेवला आणि मोबाईल उघडला तर काकूंच्या स्टेटसला फोटो होता. मैदानाचे दिवे अजून चालू होते, आकाश काळंच होतं. मागे हवेची कमान ताठ उभी, शर्यत सुरू व्हायला अर्धा तास बाकी. काकू आणि आई खांद्याला खांदा लावून, टी-शर्ट सरळ घातलेले. दोघींच्या गळ्यात पदकं. काकूंनी आपलं दाताखाली धरलं होतं. आईने धरलं नव्हतं, पण हातात घेऊन कॅमेऱ्याकडे वळवलं होतं, नीट दिसेल असं.

ती घरी आली तेव्हा मी दारातच विचारलं, "आधीच घातलंस?"

तिने चपला काढल्या, पदक काढून त्या तिन्हींच्या शेजारी खिळ्याला अडकवलं.

"मग काय," ती म्हणाली. "नंतर कोण असतं तिथे?"